शालिकचं रडणं

समस्त स्त्री-पुरुष, लहानथोर तसेच गावात मुक्कामी असलेल्या पाहुण्यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आजपासून या गावात नवऱ्याने बायकोला मारणे बंद करण्यात आलेले आहे. सबब संबंधितांनी नोंद घ्यावी.

हसू नका. ही दवंडी आमच्या गावात खरोखर पिटली गेली. कोतवालाला 'सबब' आणि 'संबंधितांनी' हे शब्द झेपत नव्हते, म्हणून तो त्या दोन ठिकाणी तोंड बंद करून नुसता ढोल बडवायचा आणि पुढच्या वाक्यावर उडी मारायचा. मोहाच्या झाडाखाली दात घासत बसलेल्या एका गृहस्थांनी त्याला अडवून विचारलं, "आजपासून म्हनजे सकाळपासून का दिवस बुडल्यापासून गा?" कोतवाल म्हणाला की ते मास्टरला विचारा, आपल्याला फक्त ओरडायला सांगितलं आहे. आणि हा मास्टर म्हणजे माझे वडील.

शाळेतले मास्टर नव्हेत. आमच्याकडे कपडे शिवणाऱ्याला मास्टर म्हणतात. वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथे आमचा मोहल्ला होता. सगळी आम्हा बौद्धांची घरं आणि मधोमध पत्र्याच्या छपराचा विहार. आमच्या घराची छपरी रस्त्याकडे उघडी होती आणि तिथे बाबांची पायमशीन. त्या मशीनच्या खडखडाटात मी जन्मले, अभ्यास केला, तापातून उठले. रात्री तो आवाज चालू असताना मला गाढ झोप लागायची आणि थांबला की जाग यायची. माय आत चुलीशी असायची. लाखोळीची डाळ पाट्यावर भरड वाटून त्याचे वडे ती तळायची, बरोबर गुळाचा कोरा चहा. कपडे टाकायला आलेलं माणूस वडा खाल्ल्याशिवाय उठत नसे, त्यामुळे गावातली कोणतीही बातमी आमच्या छपरीत येऊन तेलात बुडूनच पुढे जायची. मी आज चार लोकांत बसून गोष्टी सांगते, माणसं म्हणतात बाई तोंडाची फार मोकळी आहे. ते तोंड त्या छपरीतलं आहे.

बाबांकडे शिवायला नवं कापड दिवाळीला नि लग्नसराईत यायचं. एरवी सगळं सांधायचं काम. आणि फाटलेला कपडा बाबांना बोलायचा. काखेत, शिवणीपाशी विरलेलं पोलकं म्हणजे रोवण्यात, धानाच्या लावणीत नि कापणीत वाकून वाकून फाटलेलं. पण खांद्यापासून तिरपं, शिवण सोडून कापडावरच फाटत गेलेलं पोलकं म्हणजे कुणीतरी ओढलेलं. असं आलं की बाबा काही विचारत नसत. बाकीची कामं बाजूला सारून ते आधी हातात घेत आणि त्याचे पैसे घेत नसत. त्यांना वाटायचं, आपण केवढी माणुसकी करतो आहोत. एकदा मायनं वड्याचं ताट आपटत म्हटलं, "थो फाडते अन् तुमी शिवता. चांगली जोडी जमली बाप्पा तुमची." बाबा त्या दिवशी वडा न खाता उठले आणि थेट विहारात गेले.

तिथे पुरुषांची पंचकमेटी बसायची. लग्नं जुळवणं, बांधावरची भांडणं, जयंतीची तयारी, सगळं तिच्याकडे. मुख्य वामनभाऊ, बैलालासुद्धा 'चला बापू' म्हणून हाकणारा माणूस. बाबांनी उभं राहून विषय काढला. बायका आपसात रोजच बोलतात, ते म्हणाले, त्यानं काही होत नाही. मारणारे आपण आहोत, तर बोलायचं आपण आपसात. आज याला काय काय मोठी नावं आहेत, शिबिरं होतात, शहरातून गाड्या येतात. तेव्हा आमच्या जंगलात एका कपडे शिवणाऱ्याला हे आपलं आपण सुचलं होतं, आणि पुढे जे काही झालं त्यानंतरही मला त्याचा अभिमान आहे. तर वामनभाऊंनी विचारलं की घरी कोण मारतं त्यानं हात वर करा. एकही हात वर झाला नाही. सगळे छपराचे पत्रे तपासू लागले. मग म्हणाले, बरं, दुसऱ्याचं माहीत असेल तर सांगा. तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम कंठ फुटला. त्यातून जी मारामारी व्हायची होती ती टळली ती दवंडीच्या ठरावामुळे.

दवंडीचा परिणाम लगेच दिसला. मारताना दारं लागू लागली.

आता आमच्या या धानाच्या नि जंगलाच्या मुलखाबाहेरच्या, म्हणजे झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला एक सांगायला हवं. आमच्याकडे कोणत्याही दुखण्यावर एकच औषध असतं. विहाराचं छप्पर उडालं, बसवा नाटक. शाळेला फळा नाही, बसवा नाटक. धान घरात आलं की गावोगाव मंडप पडतात आणि एरवी बैलामागे चालणारा माणूस राजा होऊन तलवार उपसतो. त्यामुळे दवंडी फसल्यावर कमेटीनं काय ठरवलं असेल ते सांगायची गरज नाही. बाबांनीच लिहिलं. नाव ठेवलं 'हात आवरा, अर्थात सुखी संसाराचा मार्ग'. पण खरी युक्ती नाटकात नव्हती, पात्रं वाटण्यात होती. आमच्याकडे तेव्हा बाईचं काम गड्यानंच करायचं. बाबा म्हणाले, मार खाणाऱ्या बायकोचं काम मारणाऱ्या नवऱ्याला द्यायचं. महिना दोन महिने तिची साडी नेसून तिची वाक्यं बोलला, की त्याचा हात पुन्हा उठणार नाही. कमेटी एवढी खूष झाली की टाळ्या पडल्या. आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला, शालिक.

शालिक धान भरडायच्या गिरणीवर इंजिन चालवायचा. अंगानं सडपातळ, गळा गोड, नाक सरळ, आणि मिशी अशी की तिच्यासाठी एसटीत वेगळी जागा धरावी. बाहेर हसरा, कुणाच्याही मदतीला धावणारा. घरात भाताला जरा शीत कच्चं लागलं की बायकोच्या अंगावर जायचा. बायको पंचफुला. तिरपी फाटलेली पोलकी बहुतेक तिचीच असायची. ती मायजवळ येऊन बसायची, वडे थापू लागायची, पण बोलायची फार थोडं. जे बोलायची त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. तिचा भाऊ दयाराम बल्लारपूरला कागद कारखान्यात होता आणि त्यानं म्हटलं होतं की बाई, तुझी लेक घेऊन माझ्याकडे राहायला ये. पंचफुला धान घरात यायची वाट पाहत होती. कापणी झाली की जाईन, म्हणायची.

शालिकनं काम लगेच घेतलं. मुख्य पात्र होतं ना. अडलं ते मिशीवर. मिशी काढायला तो तयार होईना. पदर नाकापर्यंत ओढून घेईन म्हणाला. कमेटीची खास बैठक झाली. एकजण म्हणाला, मिशीवाली बायको पाहून लोक मारणाऱ्या नवऱ्याचीच कीव करतील. अखेर न्हाव्याला विहारासमोर बसवलं, अख्खा मोहल्ला गोळा झाला, आणि मिशी उतरली तेव्हा शालिकपेक्षा न्हावीच जास्त हळहळला. तसाच घोळ नवऱ्याच्या पात्राचा. मारणाऱ्याचं काम करायला कुणी तयार होईना. सगळ्यांना भीती की लोक समजतील हा घरीही असाच. शेवटी ज्याच्याविषयी कुणालाच शंका येणार नाही अशा वामनभाऊंच्या गळ्यात ते पडलं. ते बिचारे हात उगारायचे आणि हळूच विचारायचे, "लागलं तर नाई ना गा?"

तालमी आमच्या अंगणात दिवेलागणीला व्हायच्या. पेटी, ढोलकी, मायचे वडे, आणि मी नववीतली, काजं-बटणं करता करता सगळ्यांची वाक्यं पाठ झालेली. काय आनंदाचे दिवस होते! शालिक साडीत चालायचा छान, गाणं म्हणायचा छान. फक्त रडता येत नव्हतं. रडायची जागा आली की दाव्याला अडकलेल्या गोऱ्ह्यासारखा हंबरायचा आणि आम्ही हसून लोळायचो. बाबा नाटक बसवताना वेगळेच होत. एरवी ज्यांचा आवाज मशीनच्या वर जात नसे, ते मांडी बडवून ओरडत. एका संध्याकाळी ते असेच वैतागले.

"अगा शालिक, बाई अशी रडत नाई. घरी बायको आहे ना तुही? थोडं पाह्यत जाय."

सगळे हसले. शालिकही हसला.

पुढच्या तालमीला तो आला आणि ती जागा आल्यावर त्यानं काही आवाजच काढला नाही. तो एका बाजूला कलून खाली बसला. पदराचं टोक दातांत धरलं. आणि उजव्या हाताचा तळवा जमिनीवरून फिरवू लागला, हळूहळू, गोल, जणू सारवतो आहे. बराच वेळ तेवढंच. मग घशात एक उचकी, आणि पुन्हा तो तळवा. पेटीवाल्याचे हात थांबले. वामनभाऊ पुढचं वाक्य विसरून खरेच रडू लागले. बाबांनी उठून शालिकला मिठी मारली. मी आतापर्यंत पुष्कळ नाटकं पाहिली, शहरातली, तिकिटाची. तसं रडणं मी परत पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला आली. पदराखाली घडी होती. ती तिनं मायच्या हातात दिली आणि न बसता गेली. मायनं घडी उलगडून बाबांच्या मशीनवर ठेवली. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपं.

"त्यानं रडनं कुठून शिकून आनलं," माय म्हणाली, "हे तुमी इचारलं काय त्याले?"

बाबा बराच वेळ सुईत दोरा घालत राहिले. दोरा जाईना. त्या दुपारी मशीन चाललीच नाही. मग संध्याकाळी त्यांनी ते पोलकं सांधलं, फार सुबक सांधलं, आणि दिवेलागणीला अंगणात सतरंजी टाकली. तालीम झाली. त्या दिवसापासून माय वडे तळून ताट दारात ठेवायची, स्वतः बाहेर यायची नाही. मला तिचा राग यायचा. एवढं छान चाललेलं असताना हिचं काय हे, असं वाटायचं.

कापणी झाली आणि सुट्टीच्या दिवशी दयाराम एसटीनं आला. पंचफुलानं गाठोडं बांधून ठेवलं होतं. ही बातमी विहारात पोहोचली आणि बाबा आणि वामनभाऊ लगबगीनं शालिकच्या घराकडे गेले, मी मागोमाग. शालिक गिरणीवर होता. वामनभाऊ हात जोडून दयारामपुढे उभे राहिले. बाबा बोलले.

"मानूस बदलून राह्यला गा दयाराम. आता नेशीन तर सारं केलेलं मोडंल. नाटक होऊ दे. मंग ने, मी सोताच बसमंदी बसवून देतो."

बाबा खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. शालिक बदलतो आहे असं त्यांना वाटायलाच हवं होतं. आणि आसपासच्या गावांना आमंत्रणं गेली होती, मंडपाची बल्ल्या-बासं आली होती, आणि बायको गेल्यावर शालिक साडी फेकून देणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. दयाराम साधा माणूस. दोन वडीलधारे हात जोडतात म्हटल्यावर तो गडबडला. म्हणाला, तुम्ही कमेटीवाले जबाबदारी घेता तर ठीक आहे. पंचफुलाला मात्र कुणी विचारलं नाही. ती उंबऱ्याच्या आत मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती आणि उजव्या हाताचा तळवा जमिनीवरून फिरवत होती, हळूहळू, गोल. मी ते पाहिलं. आणि मला वाटलं, अरे, ही शालिकची नक्कल किती छान करते.

इतक्या वर्षांनी, कुठे अंगण सारवलेलं दिसलं तरी मला ते वाटणं आठवतं.

दयाराम जायच्या आधी आमच्याकडे जेवला. मायनं त्याला वाढलं, त्याच्यासमोर बसली, पण एक शब्द बोलली नाही. तो दुपारच्या बसनं गेला.

नाटक रात्री व्हायचं होतं, पण वाघानं नाल्यावर एक बैल मारला. फॉरेस्टच्या गार्डानं येऊन सांगितलं की अंधार पडल्यावर कुणीही बाहेर दिसता कामा नये, मग राजा असो की राणी. म्हणून आमच्या गावाच्या इतिहासात प्रथमच नाटक भर उन्हात झालं. त्या उन्हाची मजा काय सांगू! पात्रांची पावडर घामानं वाहून गळ्यात जमली. मागचा पडदा म्हणून जे लावलं होतं ते आमच्या घरचं लुगडं आहे हे सगळ्यांना दिसलं. विंगेत बाबा उभे होते आणि त्यांच्या गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती, काढायची विसरले होते. पेट्रोमॅक्सच्या उजेडात बघणारे अंधारात असतात. इथे नाटक करणाऱ्यांना आम्ही दिसत होतो, आणि आम्हाला एकमेकी. बायकांच्या बाजूला मायच्या एका अंगाला मी होते आणि दुसऱ्या अंगाला पंचफुला, तिची लेक मांडीवर.

वामनभाऊंनी काठी उगारली, आणि त्यांच्या तोंडून सवयीनं निघालंच, "लागलं तर नाई ना गा?" मंडप हसून फुटला. मग शालिक एका बाजूला कलून खाली बसला.

त्या क्षणापाशी मी परत येते. त्याआधी पुढचं सांगून टाकते, म्हणजे ते मागे राहणार नाही.

नाटक अफाट गाजलं. आरमोरीकडून, सिंदेवाहीकडून बोलावणी आली. शालिकला हार पडले, बायकांनी त्याची अलाबला घेतली. आणि न्यायानं बोलायचं तर मोहल्ल्यातले काही हात खरेच थांबले. एका तरुण पोरानं तर मंडपातच बायकोपुढे कान पकडले होते, ते मी पाहिलं आहे. नाटकाच्या दिवसांत शालिकचाही हात थांबला. त्याला बाहेर खूप वाहवा मिळत होती. पुढे पाऊस लागला, मंडप उतरले, रोवणे सुरू झाले, आणि बाबांच्या मशीनवर पुन्हा तिरपं फाटलेलं पोलकं आलं. बाबांनी बसमध्ये बसवून द्यायचं वचन दिलं होतं. पण तेव्हा पुढच्या सालच्या नाटकाचं बोलणं चालू होतं. पंचफुलानं त्यांची वाट पाहिली नाही. रोवण्याच्या रांगेत एक जागा रिकामी दिसली तेव्हा गावाला कळलं की ती लेकीला घेऊन गेली. बल्लारपूरला पोहोचली एवढं कळलं, पुढचं नाही. मी नंतर तिकडे राहिले, शोधायचं मनात आणत राहिले, आणि गेले नाही.

शालिक अजून आहे. दात पडले, मिशी पांढरी झाली. लग्नाच्या मांडवात पोरं त्याला धरतात, शालिकभाऊ थे रडनं दाखवा. तो आढेवेढे घेतो आणि दाखवतो. आता गावात पंचफुलाला पाहिलेले लोक थोडे उरलेत. ती कशी होती विचारलं तर तेही तेवढंच दाखवतील, एका बाजूला कलून, दातांत पदर, जमिनीवर फिरणारा तळवा. बाबांनी पुन्हा नाटक लिहिलं नाही. शेवटच्या आजारपणात एकदा खाटेवर पडल्या पडल्या, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, दयारामला थांबवायला नको होतं. माय पायाशी बसली होती. तिनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

तर ती दुपार. शालिक खाली बसला. पदर दातांत गेला. तळवा फिरू लागला. ऊन सरळ त्याच्या हातावर पडलं होतं. ढोलकी थांबली, पेटी थांबली, पोरं गप्प झाली. पुरुषांच्या बाजूला रुमाल निघाले. माझ्या भोवतीच्या सगळ्या बायका हुंदके देत होत्या, मीही देत होते, आणि सगळे शालिककडे पाहत होते. पंचफुला रडत नव्हती. ती थोडी पुढे वाकून, डोळे बारीक करून पाहत होती, जसं बाजारात आपलं हरवलेलं भांडं दुसऱ्याच्या डोक्यावर दिसावं. मग ती मायकडे वळली. ती फक्त मायला सांगत होती, आवाज चढवून नव्हे. पण मंडपात एवढी शांतता होती की विंगेत टेप गळ्यात घालून उभ्या असलेल्या बाबांपर्यंत ते गेलं, आणि मी त्यांना मान खाली घालताना पाहिलं.

"थे माहं रडनं होय वो बाई," ती म्हणाली. "आता घरी जाऊन मी कसी रडू?"